हॉट्सचं उत्तर फळ्यावर आलं की संपलं

वाचकांचे प्रश्न : शाळा, वर्ग आणि घर

मागच्या अंकात मुलांना विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांबद्दल, म्हणजे शाळेत ज्यांना हॉट्स (हायर ऑर्डर थिंकिंग स्किल्स) म्हणतात त्यांच्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली "तुमचे अनुभव पाठवा" असं टाकलं होतं. तर पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज असं बरंच काय काय आलं, जास्त शिक्षकांचं, थोडं पालकांचं. सगळ्यांना जागा देता येत नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि नावं काढून टाकलीत, कारण निम्म्या लोकांनी स्वतःच सांगितलं की हेडमास्तरांना कळायला नको.

प्रश्न : ताई, मी आठवीला सायन्स शिकवते. आमच्याकडे प्रत्येक लेसन प्लॅनमध्ये दोन हॉट्स प्रश्न पाहिजेतच. मी लिहिते, वर्गात विचारते, कोणी तोंड उघडत नाही, मग शेवटी मीच उत्तर डिक्टेट करते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेला तोच प्रश्न घालतो. ह्याला हॉट्स म्हणायचं का? (शिक्षिका, डिचोली)

नाही टीचर, आणि ते तुम्हाला माहीत आहे म्हणून तर विचारताय. "का होतं", "काय झालं असतं तर" अशी सुरुवात असली की प्रश्न वरच्या पातळीचा, असं आपण लेसन प्लॅनमध्ये धरून चालतो. पण पातळी प्रश्नावर छापलेली नसते हो. मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय त्यावर ती ठरते. तुम्ही उत्तर लिहून दिलंत, त्याने पाठ केलं, परीक्षेत उतरवलं, तर ते स्मरण झालं, मग प्रश्न कितीही भारी असू दे. उलट एखादा साधा प्रश्न मुलाने आधी कधी ऐकलेलाच नसेल आणि हाताशी असलेल्या माहितीवरून त्याला मार्ग काढावा लागला तर तिथे खरा विचार होतो.

विचाराच्या पातळ्यांची ब्लूमची उतरंड बीएडला सगळ्यांनी घोकलेली असते. १९५६ साली आली, २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी सुधारून घेतली : लक्षात ठेवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. आणि ती घोकल्यामुळेच आपल्याला वाटतं की क्रियापद बदललं की काम झालं. "सांगा"च्या जागी "विश्लेषण करा" लिहिलं की वरची पायरी! असं होत नाही.

तुमचा आठवीचा दाबाचा धडा घेऊ. द्रवाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, हे पुस्तकात आहे, बाटलीला वर-खाली भोकं पाडून दाखवायचा प्रयोग पण आहे. तो करा, नीट करा, त्यात घाई नको. मग विचारा : आपल्या गोव्यात खाजनात, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, मानस असते, बांधातली पाण्याची झडप; तिचं दार भरतीला आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आपोआप उघडतं, तिथे ना मोटर ना माणूस, मग ते बंद कोण करतं? डिचोलीच्या मुलांनी मानस बघितलेली नसेल तर एक फोटो दाखवा, फळ्यावर आडवा छेद काढा, एका बाजूला नदी, एका बाजूला शेत, मध्ये बांध आणि बांधात लाकडी दार. फक्त दार कुठल्या बाजूला उघडतं ते काढू नका. ते त्यांनी ठरवायचं.

आता ह्यात मजा काय आहे बघा. भरतीला नदीचं पाणी चढलं की बाहेरून दाब जास्त, दार आतल्या चौकटीवर दाबलं जातं, बंद. ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याचा दाब जास्त, दार नदीच्या बाजूला ढकललं जातं, उघडं, साचलेलं पाणी बाहेर. म्हणजे दार नदीकडेच उघडायला पाहिजे. कोणीतरी हमखास उलटं सांगणार. त्याला चूक म्हणू नका, म्हणा की बरं, तुझं दार लावू आणि एक भरती-ओहोटी चालवून बघू. खारं पाणी शेतात शिरलं, ओहोटीला दार बंद झालं, पाणी आतच अडकलं, भात गेलं. पोरगा स्वतःच म्हणेल की नको, दुसरीकडे लावा. हे तुम्ही सांगून त्याला मिळालं नसतं.

आणि तिथून पुढचे प्रश्न आपोआप निघतात. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला असेल तर दार कसं राहील? (हुशार पोरगी असेल तर म्हणेल की खारं पाणी जड असतं म्हणून बाहेरचा दाब किंचित जास्त, तेव्हा तिला उरलेला तास फळा देऊन टाका.) पावसात पूर आला आणि ओहोटीला पण नदी खाली उतरलीच नाही तर आतल्या पाण्याचं काय? दाराची एक फळी कुजली तर आधी नुकसान कोणाचं? ह्यातल्या एकाचं पण उत्तर वहीत लिहून देऊ नका. परीक्षेला मानस घालू नका, दुसरंच काहीतरी घाला जिथे दाबाचाच विचार लागेल, धरणाची भिंत खाली जाड का असते असं काहीतरी, आणि ते वर्गात आधी घेऊ नका म्हणजे झालं.

राहिला तो मुलं बोलत नाहीत हा भाग. त्यातलं अर्धं आपल्या घाईचं असतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात सायन्सच्या वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात, बस, मग स्वतःच बोलायला लागतात नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही पण वर्गात उभं राहून गप्प बसून बघा, जीव जातो. आणि दुसरा थांबा मुलाचं उत्तर आल्यानंतरचा, तो पहिल्यापेक्षा अवघड. बरोबर उत्तर आलं की आपण लगेच "व्हेरी गुड" म्हणतो आणि तिथे बाकीच्या अडतीस जणांचा विचार बंद पडतो, कारण उत्तर मिळालं ना. त्याऐवजी चेहरा कोरा ठेवा आणि म्हणा, "कशावरून?" किंवा दुसऱ्या कोणाला विचारा की तो म्हणतोय ते तुला पटतं का. बरोबर उत्तराला पण हेच विचारायचं हं, नाहीतर मुलांना आठवड्याभरात कळतं की टीचर "कशावरून" म्हणाल्या म्हणजे चुकलं.

सुरुवातीला तरी आधी दोन मिनिटं एकट्याने वहीत, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्यांसमोर, असं करा. थिंक-पेअर-शेअर म्हणतात त्याला, १९८१ पासून चालत आलेली पद्धत आहे फ्रँक लायमन यांची, वर्कशॉपमध्ये शंभर वेळा ऐकली असेल. पण त्यातला पहिला एकट्याचा भाग बहुतेक लोक गाळतात आणि थेट "चला, शेजाऱ्याशी बोला", मग ज्याला काही सुचलेलंच नाही तो काय बोलणार? तो आपला काल रात्रीच्या क्रिकेट मॅचवर बोलतो.

प्रश्न : गणितात हे कसं करणार? पोर्शन संपत नाही इथे. (शिक्षक, फोंडा)

सर, जास्तीचं काही करू नका. आहे त्यातलं काढा आणि त्या जागी घाला. एकाच पद्धतीची बारा गणितं करून घेताय ना, आठ करा आणि उरलेल्या वेळात एक असं द्या की ज्यात सूत्र कुठलं हेच आधी ठरवावं लागेल.

शेकडेवारीतलं माझं आवडतं : चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी दुकानदाराने दोन हजारांच्या मिक्सरची किंमत २० टक्के वाढवली आणि मग दारावर "२० टक्के डिस्काउंट" असा बोर्ड लावला, तर गिऱ्हाइकाला मिक्सर कितीला पडला? अर्धा वर्ग न मांडता सांगतो दोन हजार. मांडल्यावर २४०० आणि मग १९२०. इथे थांबू नका, इथपर्यंत फक्त वापरणं झालं. आधी डिस्काउंट देऊन मग वाढवली असती तर? (तेच १९२०, पण का? गुणाकाराचा क्रम बदलला तरी गुणाकार तोच, हे त्यांच्याकडून येऊ दे.) २४०० वरून परत बरोबर दोन हजारावर यायला किती टक्के डिस्काउंट लागेल? १६.६७. आणि शेवटी, गिऱ्हाइकाला ८० रुपये स्वस्त पडला ना, मग बोर्डाबद्दल तक्रार करायची की नाही? इथे वर्ग दोन भागांत फुटतो आणि दोन्हीकडचे आकडे काढून भांडतात, मला ते फार आवडतं.

दुसरं, चुकीचं सोडवलेलं गणित फळ्यावर लिहा, म्हणजे मुद्दाम, आणि चूक कुठल्या ओळीत शिरली ते शोधायला सांगा, आणि असं करणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय आलं असेल ते पण. दहा मिनिटांचं काम. पेपर तपासताना ज्या चुका वारंवार दिसतात त्याच वापरा, नाव न घेता.

प्रश्न : हे सगळं नवं फॅड आहे. आमच्या वेळी पाढे, कविता, सनावळ्या तोंडपाठ असत आणि त्याच मुलांनी पुढे नाव काढलं. आता मुलाला सात आठे विचारले तर मोबाईल काढतो आणि तुम्ही म्हणता विश्लेषण करा. (निवृत्त मुख्याध्यापक, साखळी)

गुरुजी, अर्धं पत्र मला मान्य आहे. विचार हवेत होत नाही, त्याला काहीतरी सामान लागतं. ज्या मुलाला भरती-ओहोटी म्हणजे काय तेच माहीत नाही त्याला मानशीचा प्रश्न घालून उपयोग नाही, तो फक्त अंदाज मारेल आणि आपण त्याला विचार समजू. पाढ्यांचं तर नक्कीच, सात आठे शोधण्यात ज्याची सगळी शक्ती गेली त्याच्याकडे गणिताचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. त्यामुळे पाठांतर बंद करा असं मी कुठे म्हटलेलं नाही आणि म्हणणार पण नाही.

पण "आधी सगळं पाठ होऊ दे, विचार मग करू" हे मात्र नाही पटत, कारण तो "मग" येतच नाही, दहावी येते. पाच सनावळ्या माहीत झाल्या की त्या पाचांवर विचार करता येतो, पन्नासची वाट बघायची गरज नाही. आणि ज्याचा आपण वापर केला ते लक्षात पण जास्त राहतं, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघितलंय. ज्यांनी नाव काढलं त्यांचं तुम्ही सांगितलंत, पण पाठांतर करून ज्यांनी आठवीत शाळा सोडली त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत गुरुजी.

प्रश्न : माझी एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी एकाच खोलीत. चार इयत्तांना चार प्रकारचे हॉट्स मी कधी करू? (प्राथमिक शिक्षिका, काणकोण)

बाई, चार नाही, एकच करा आणि सगळ्यांना द्या. तुमच्याकडे उलट सोय आहे, मोठ्या शाळेत ही मिळत नाही.

चवथ जवळ आली की माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं-पानं बांधतात त्या मांडवीचं, सामान घरोघरी येतं. मुलांना म्हणा एकेक वस्तू आणा, नाहीतर नुसती चित्रं काढा : तोरींग, कवंडळ, सुपारीचं शिपटं, तवशें, नारळ, जे काय तुमच्या गावात बांधतात ते. सगळं जमिनीवर पसरा. पहिली-दुसरीला सांगा गट करा, पण कसे करायचे ते सांगू नका. रंगाने करतील, आकाराने करतील, खायचं आणि न खायचं करतील. प्रत्येक गटाला "हे इथे का?" एवढंच विचारा. मग म्हणा, आता सगळं मोडा आणि दुसऱ्या प्रकाराने लावा. हे दुसऱ्यांदा लावणं महत्त्वाचं आहे, पहिलं तर कोणीपण करतो.

तिसरी-चौथीने तेच सामान घेऊन ठरवायचं की कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) कुठलं, रानातलं कुठलं, बाजारातून विकत आणलेलं कुठलं, आणि तीन याद्या करायच्या. मग घरी आजीला विचारून यायचं की तिच्या लहानपणी ह्यातलं काय रानातून यायचं आणि आता विकत आणावं लागतं. दुसऱ्या दिवशी याद्या शेजारी ठेवून : काय बदललं, कशामुळे बदललं असेल, आणि नक्की कळायला आणखी कोणाला विचारावं लागेल? चौथीचं पोर "आणखी कोणाला विचारावं लागेल" ह्याचं उत्तर देऊ लागलं की मला तर ते पुरे आहे.

आणि मोठ्यांनी लहानांना समजावून सांगायचं, ते तर तुमच्याकडे रोज चालतंच. फक्त चौथीवाल्याने उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा, असा एक नियम करून बघा. पहिल्या दिवशी भांडणं होतील.

प्रश्न : आमची मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकून येतात, पाचवीला सगळं इंग्लिश. घरी कोकणी, काहींच्या घरी कन्नड नाहीतर हिंदी. इंग्लिशमध्ये "व्हाय" विचारलं की वर्गात शांतता. ह्यांना विचारच करता येत नाही का? (शिक्षिका, केपें)

येतो हो, भरपूर येतो, मधल्या सुट्टीत जाऊन ऐका! टीममध्ये कोणाला घ्यायचं, कोणाला का नाही घ्यायचं ह्यावर ती पोरं जो युक्तिवाद करतात तो ऐकला की कोण म्हणेल विचार नाही. अडलंय ते भाषेवर. नव्या भाषेत वाक्य जुळवायला इतकी मेहनत पडते की मुद्द्यासाठी काही शिल्लक राहत नाही, मग मूल सगळ्यात छोटं आणि सुरक्षित उत्तर देतं, नाहीतर गप्प.

विचार करायची भाषा आणि लिहायची भाषा वेगळी ठेवा. जोडीत बोलायचं ते कोकणीत, मराठीत, हिंदीत, जे दोघांना येतं त्यात. वर्गासमोर सांगायचं ते मिसळून चालेल. लिहायचं मात्र इंग्लिशमध्ये, आणि त्यासाठी वाक्याची सुरुवात फळ्यावर लिहून ठेवा, "आय थिंक… बिकॉज…", "आय डोन्ट अग्री बिकॉज…", "इफ… देन…". तीन पुरेत. मुद्दा त्यांचा, खांब तुमचे. काही महिन्यांनी फळ्यावरून पुसून टाका.

शाळेत इंग्लिशच बोलायचं असा नियम असेल आणि कोकणी बोलल्यावर फाईन असेल (आहेत अशा शाळा, सगळ्यांना माहीत आहे) तर हेडमास्तरांशी बोला, किमान जोडीत बोलायच्या त्या पाच मिनिटांपुरती सूट मागा. दंड भरून कोण विचार करणार?

कन्नड घरातून आलेलं एकटंच मूल वर्गात असेल तर त्याला बोलण्याऐवजी काढून दाखवायला द्या, चित्र, बाण, तक्ता. मानशीचा छेद काढून बाण दाखवले तर त्याला दाब कळला की नाही ते तुम्हाला शब्दांशिवाय दिसतं.

प्रश्न : इतिहासात विचार करण्यासारखं काय आहे? जे घडलं ते घडलं. (शिक्षक, पेडणे)

सर, तुम्ही मुद्दाम चिडवायला लिहिलंय असं धरून उत्तर देते.

गोव्याच्या ओपिनियन पोलचं, म्हणजे विलीनीकरणावरच्या सार्वमताचं, उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासितला दोन पानं. निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, फरक ३४,०२१ मतांचा, गोवा वेगळा राहिला. हे पाठ झालं, ठीक, पाच मिनिटं.

आता ह्याच्यावर बसा. "गोमन्तक" हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होतं आणि "राष्ट्रमत" हे दैनिक विरोधात, आणि ते पण मराठीच! मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं की ती गोंधळतात, कारण त्यांच्या डोक्यात मराठी म्हणजे विलीनीकरण आणि कोकणी म्हणजे विरोध असे दोन सरळ डबे असतात, मोठ्यांच्या पण असतात. तर प्रश्न हा : विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांनी आपला पेपर मराठीत का काढला असेल? त्यांना कोणाचं मत वळवायचं होतं? त्या काळी गोव्यात हिंदू घरांत वाचायची भाषा कुठली होती? इथे मुलाला दोन गोष्टी जोडाव्या लागतात, भाषा आणि राजकीय मत एकच नसतं हे त्याला तुम्ही न सांगता सापडतं.

दुसरा प्रश्न, पोलच्या आधी डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला, कारण विलीनीकरणाच्या बाजूचं सरकार खुर्चीत असताना मतदान नीट होणार नाही असं विरोधकांचं म्हणणं होतं. मागणी रास्त होती का? तुम्ही सरकारमध्ये असता तर दिला असता का राजीनामा? हे मूल्यमापन, पण नुसतं "मला वाटतं" चालणार नाही, कारण द्यायचं आणि समोरच्या बाजूचं सगळ्यात मजबूत कारण आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हा नियम मी सगळ्यात जास्त धरून ठेवते. मग आपलं मत.

एक सांभाळा. ह्या विषयावर घरोघरी अजून वाद आहेत, पेडण्यात तर नक्कीच. "कोण बरोबर होतं" असा प्रश्न टाकू नका, पालक दुसऱ्या दिवशी शाळेत. "त्या माणसाने तसं का मत दिलं असेल" असा टाका. आणि गावात त्या वेळी मतदान केलेलं कोणी आजी-आजोबा असतील तर मुलांना पाठवा, दोन घरांतून दोन वेगळ्या गोष्टी येतील, त्या पेपरातल्या छापील हकिकतीशी लावून बघायच्या. कुठे जुळतं, कुठे नाही, आणि नाही जुळलं तर लगेच आजोबा विसरले असंच का धरायचं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिच्या टीचर प्रश्न देतात पण उत्तरं देत नाहीत, म्हणतात तूच शोध. ट्यूशनचे सर म्हणतात असं केलं तर मार्क जातील, ते स्वतःच्या नोट्स देतात. मी कोणाचं ऐकू? (आई, म्हापसा)

ताई, शाळेतल्या टीचरचं. पण तुमची भीती खोटी नाही, मार्कांवर ॲडमिशन अवलंबून असते हे मला पण माहीत आहे.

बघा, पेपरात आता न बघितलेले प्रश्न वाढत चाललेत, २०२० च्या शिक्षण धोरणाने घोकंपट्टी कमी करायचं म्हटलंय आणि बोर्डं हळूहळू त्या बाजूने जातायत. न बघितलेल्या प्रश्नाची नोट्स मिळत नसते. तेव्हा ट्यूशन लावलीच असेल तर सरांना सांगा की सराव करून घ्या, व्याख्या पक्क्या करा, गणितं करून घ्या, पण शाळेतले "शोध" वाले प्रश्न सोडवून देऊ नका. ऐकतील की नाही ते माहीत नाही, ट्यूशनवाल्यांना पण पालकांना काहीतरी कागद दाखवायचा असतो.

घरी तुम्ही एक करा. ती विचारायला आली की उत्तर देऊ नका आणि "मला नाही कळत गं तुमचं आताचं" असं पण म्हणू नका. "मला समजावून सांग, मी सातवी पास आहे असं समज" म्हणा. तुम्ही खरंच मध्ये मध्ये अडवा, हे का, ते कुठून आलं. स्वयंपाक करता करता होतं हे. आणि एखाद्या दिवशी ती कंटाळली, म्हणाली मम्मी नको आज, तर सोडून द्या, प्रत्येक जेवणाची तोंडी परीक्षा केली तर पोरगी जेवायलाच येणार नाही.

प्रश्न : उत्तरं वेगवेगळी आली तर मार्क कसे देणार? पालक भांडायला येतात. (शिक्षिका, सांगे)

आधी सांगून. चार मार्कांचा प्रश्न असेल तर एक मार्क म्हणणं काय आहे ते स्पष्ट सांगितल्याबद्दल, दोन त्याला दिलेल्या पुराव्याबद्दल किंवा कारणाबद्दल, एक दुसरी बाजू किंवा अपवाद लक्षात घेतल्याबद्दल. तुमच्या विषयाप्रमाणे बदला, पण परीक्षेआधी वर्गात लावा. मागच्या वर्षीची दोन उत्तरं नाव झाकून वाचून दाखवा आणि मुलांनाच मार्क देऊ द्या, ती आपल्यापेक्षा कडक असतात! मुलांनी एकदा स्वतः तपासलं की पालकांना ती स्वतःच समजावतात.

लांब उत्तर म्हणजे चांगलं उत्तर ही सवय मात्र आपली पण आहे, ती सांभाळा.

प्रश्न : प्रोजेक्ट दिला की सगळे चॅटजीपीटीवरून आणतात. एकसारखे पंचवीस. काय करायचं? (शिक्षक, वास्को)

"प्लास्टिक प्रदूषण" असा विषय दिला तर आणणारच, तो विषयच तसा आहे. तुमच्या शाळेच्या गेटपासून बस स्टॉपपर्यंतच्या गटारात काय काय सापडलं, मोजा, गट करा, त्यातलं कुठलं कमी करता येईल आणि त्यासाठी कोणाशी बोलायला लागेल, असा द्या. ते मशीनला माहीत नाही. आणि जमा करताना प्रत्येकाला दोन मिनिटं उभं करून एकच प्रश्न, "ह्यातलं कुठलं वाक्य तुला स्वतःला पटलं नाही?" ज्याने वाचलंच नाही तो तिथेच सापडतो.

नाहीतर सरळ वर्गातच त्या चॅटजीपीटीला तुमच्या गावाबद्दल प्रश्न विचारा, उत्तर फळ्यावर लावा आणि मुलांना चुका शोधायला सांगा. गावच्या देवळाचं, जत्रेतल्या फेरीचं, नदीचं काहीतरी ते ठोकून देतंच. गावातल्या गोष्टीवर सहावीचं पोर मशीनला चूक काढून दाखवतं तेव्हा त्याची छाती बघा, आणि "चूक आहे हे तू कोणाला विचारून पक्कं केलंस?" हे विचारायला विसरू नका.

प्रश्न : ताई, सहावी ते दहावी सगळ्या विषयांचे मिळून पन्नास-शंभर हॉट्स प्रश्न उत्तरांसकट पीडीएफ करून पाठवाल का? आमच्या ग्रुपवर टाकतो. (शिक्षक, तालुका लिहिलेला नाही)

नाही हो सर. उत्तरांसकट तर मुळीच नाही, वर डिचोलीच्या टीचरना काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही पुढच्या आठवड्यात जो धडा घेणार आहात त्याचं नाव, इयत्ता आणि तुमच्या शाळेच्या आसपास काय आहे, नदी, खाण, सडा, बाजार, ते मासिकाच्या पत्त्यावर कळवा. एक प्रश्न मी काढते, दोन तुम्ही काढा, पुढच्या अंकात तिन्ही छापू.